गांजाचे गुन्हे मोजताना

धुळ्यात क्राइम बीट करतो, म्हणून नव्या पोरांना सांगतो: ‘एनडीपीएस’चा, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या गुन्ह्यांचा आकडा उचलून थेट बातमीत टाकू नका. एकाच एफआयआरमध्ये खून आणि गांजा असला, तर एनसीआरबी (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी केंद्राची संस्था) सर्वांत जास्त शिक्षेचा गुन्हा तेवढा मोजते. गांजा तक्त्यातून गायब! म्हणून एफआयआर मिळवा, सगळी कलमं वहीत उतरवा. कलम २० गांजाचं, २७ सेवनाचं. वजन बघा: १ किलोच्या आत असेल तर अल्प प्रमाण, २० किलोच्या वर व्यावसायिक. शिरपूरकडे शेतात झाडं सापडतात, त्या लागवडीला मात्र ही वजनाची पायरी नाही. दारू १९४९ च्या दारूबंदी कायद्यात, वेगळी. आणि नशेच्या पैशासाठी मोटारसायकल चोरली, तर नोंद फक्त चोरीची. कारण शोधायचं तर फिर्याद आणि दोषारोपपत्र वाचावं लागतं, भाऊ.