गाडी खाली बसवण्याआधी शाडूची चाचणी

स्टेशन वॅगनची (मागे सामानासाठी लांब जागा असलेल्या मोटारीची) उंची कमी करायला आखूड स्प्रिंग आणि रुंद चाके बसवल्यावर टायर आतून घासतो हे कळते, तेव्हा पैसे खर्चून झालेले असतात. उद्यमनगरातल्या गॅरेजकडे काम सोपवण्यापूर्वी मूठभर ओल्या शाडूने याचा अंदाज घेता येतो.

१. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांपाशी मोजून लिहून ठेवावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधील हवा कमी-जास्त असली की आकडा फसवतो.

२. मडगार्डच्या आत, टायर जिथे टेकेल असे वाटते तिथे, शाडूचे अंगठ्याएवढे जाड गोळे चिकटवावेत. सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या भागाला, तो थंड असतानाच, खडू फासावा.

३. माणसे बसवून आणि मागे वाळूची पोती ठेवून, मात्र कंपनीने दिलेली भारमर्यादा न ओलांडता, गाडी जितकी खाली हवी तितकी, समजा ३० मिलिमीटर, दाबून घ्यावी (आधी मोजलेले अंतर तेवढे कमी झाले पाहिजे) आणि नेहमीच्या गतिरोधकांवरून सावकाश न्यावी. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवायला विसरू नये; पुढचे टायर बहुधा तिथेच घासतात.

गोळ्यावर टायरची नक्षी उमटली किंवा खडू खरवडला गेला, तर तेवढी उंची कमी करू नये. नवी चाके जुन्यांपेक्षा बाहेर येणार असतील, तर ती चढवूनच चाचणी करावी.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, म्हणून सायलेन्सरसह प्रत्येक बदलाबाबत आधी आरटीओत विचारावे.