पावसाळ्यात परसातल्या कोंबड्यांना काय टाकावे, काय टाकू नये

मृगाचा पाऊस सुरू झाला की कोंबड्यांचे हिंडणे कमी होते आणि घरातून दाणा जास्त द्यावा लागतो. नेमके त्याच दिवसांत घरातले धान्य, पेंड, भरडा दमट होऊ लागतो. मग 'आपल्याला चालत नाही ना, टाका कोंबड्यांना' हे सुरू होते. पावसाळ्यातले निम्मे दुखणे इथूनच येते.

सगळ्यात घातक बुरशी. मका आणि भुईमुगाची पेंड ओल धरली की त्यावरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. त्याने यकृत खराब होते, अंडी घटतात, केलेले लसीकरणही नीट लागू पडत नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा कारण भुईमुगाची पेंडच निघाली आणि त्यातूनच या विषाचा शोध लागला. दाणे धुतले, उन्हात घातले, शिजवले तरी ते जात नाही. वरची बुरशी तेवढी दिसेनाशी होते. सोबत बदके असतील तर आणखी जपा, त्यांना फार थोड्यानेही बाधते.

पोते वरून पाहू नका, तळाशी हात घाला. वरचा मका खडखडीत आणि खालचा गोळा झालेला, कुबट वासाचा, असे हमखास सापडते. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर ओल आहे. पोती फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा आणि भरडा आठवड्यापुरताच काढा.

दुसरा धोका पेरणीचा. बीजप्रक्रिया केलेले, म्हणजे पेरणीआधी औषध चोळलेले, गुलाबी किंवा निळ्या रंगाचे उरलेले बियाणे धुऊनसुद्धा कोंबड्यांना घालू नका. तिफण वळवताना बांधालगत जे बी सांडते त्यावरच कोंबड्या आधी तुटून पडतात. ते मातीआड करा आणि उगवण होईपर्यंत कोंबड्या तिकडे सोडू नका.

सोयाबीनची चुरी घरची असली तरी कच्ची नको, त्यातली प्रथिने कोंबडीला नीट पचत नाहीत. चांगली भाजून, भरडून थोडी द्या. कच्चा राजमा, हिरवट पडलेला बटाटा, अव्होकाडोची साल-कोय, चहाचा चोथा, चॉकलेट हे पूर्ण बंद. फरसाण, लोणचे, खारवलेली सुकट यांतले मीठ कोंबडीला झेपत नाही. शिळा भात, भाकरीचा चुरा चालतो, पण आंबलेला नको. आणि तासाभरात संपेल एवढाच टाका, उरलेले उचला.

बंदिस्त मोठी कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाते. वरचा खाऊ त्याच्या दहाव्या हिश्शात, म्हणजे मोठा चमचाभर दाणा, एवढाच असावा. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने लागतात. तांदळाच्या कणीत त्याच्या निम्मीच असतात. कणीने पोट भरते, अंडे येत नाही. मोकळ्या कोंबड्या किडे-गवतावर बरेच भागवतात, त्यांना संध्याकाळी खुराड्यात येताना दाणा द्यावा.

हिरव्यात शेवग्याचा पाला उत्तम. पाण्यावर तरंगत वाढणारी अझोला ही वनस्पतीही चांगली, पण तिच्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते, तेव्हा तिच्या भरवशावर खाद्य कमी करू नका. झडीत कोंबड्या कोंडल्या की एकमेकींची पिसे उपटतात. मेथीची जुडी किंवा कोबीचा गड्डा डोक्याच्या उंचीवर टांगा, टोचत बसतात. वाळवीची जुनी युक्तीही करून पाहा: मडक्यात ओले गोणपाट आणि शेण भरून वारुळाजवळ रात्रभर उपडे ठेवायचे, सकाळी वाळवी पिल्लांपुढे झटकायची. तिथे वाळवीचे औषध मारले असेल तर मात्र नाही.

कवच पातळ पडत असेल तर शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्याची टरफले भाजून बारीक केलीत तरी चालतील. पिल्लांना आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना हे देऊ नका, जादा कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात.

कोंबडी पिसे फुगवून मलूल बसली, खाणे सोडले, तर आधी खाद्य बदला आणि पशुवैद्यकाकडे जाताना संशयित खाद्याची मूठभर पुडी सोबत न्या. बाकीचे बुरशीचे खाद्य उकिरड्यावर फेकू नका, कोंबड्या तेच उकरतात. खड्डा घेऊन पुरा.