महामारीतला नाताळ: तब्येत आणि उमेद दोन्ही कशी सांभाळावी

कोविडच्या महामारीच्या वर्षी नाताळ जवळ आला की घरोघरी एकच प्रश्न टांगणीला लागतो: जमायचं की नाही? कुणी स्पष्ट बोलत नाही, एकमेकांचा अंदाज घेता घेता २३ तारीख उजाडते आणि ऐनवेळी मोडलेला बेत सगळ्यांच्या मनाला लागतो. म्हणून मास्क आणि औषधांच्या आधी पहिली पायरी निर्णयाची. लहान पण नक्की ठरलेला सण माणसाला उभारी देतो. मोठा आणि अधांतरी ठेवलेला सण मात्र येण्याआधीच दमवून टाकतो.

१० डिसेंबरच्या आत ठरवून टाका

कागदावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहा. नावापुढे तीन गोष्टी नोंदवा: वय साठीपुढे आहे का, मधुमेह, दमा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार, कर्करोगाचे उपचार, गरोदरपण यांपैकी काही आहे का, आणि लशीचा शेवटचा डोस कधी झाला. यादीतल्या सर्वांत नाजूक माणसाला झेपेल तेवढाच सण करायचा. बाकीच्यांची हौस त्याच्या जिवापेक्षा मोठी नाही.

नाताळचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही, ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो. याचा फायदा घ्या. पंधरा माणसांना एका जेवणावर बोलावण्यापेक्षा तीन वेगवेगळ्या दिवशी एकेका कुटुंबाला भेटा. भेट मोकळ्या हवेत झाली तर उत्तमच.

नाही म्हणताना काय करणार तेही त्याच दमात सांगा. ‘आत्या, यंदा २५ तारखेला आम्ही घरीच आहोत. दुपारी चारला व्हिडिओ कॉल लावतो, सगळे मिळून प्रार्थना म्हणू. तुमची भेटवस्तू २२ तारखेला घेऊन येते, तेव्हा अंगणात उभ्या उभ्या बोलू.’ एवढं सांगितलं की समोरच्याला नकार कमी आणि भेट जास्त ऐकू येते. ‘बघू, जमलं तर येऊ’ हे उत्तर कुणालाच देऊ नका. त्यावर समोरचा माणूस आठवडाभर वाट पाहत बसतो.

दिवस मागे मोजा

कोविडचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकतात. बहुतेकांना ती पहिल्या आठवड्यातच दिसतात. पण लक्षणं येण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच माणूस इतरांना लागण देऊ शकतो. म्हणूनच ‘मला तर काहीच होत नाही’ हा भरवसा पुरेसा नाही. २५ तारखेला भेटायचं असेल तर १५ तारखेपासून बंद जागेतली गर्दी टाळा आणि खरेदी त्याआधीच उरका.

झटपट अँटिजेन चाचणी करणार असाल तर दोनदा करा: पहिली भेटीच्या दोन दिवस आधी, दुसरी निघण्यापूर्वी काही तास. विषाणूचं प्रमाण वाढलेलं असतानाच ही चाचणी त्याला नीट पकडते, त्यामुळे चार दिवसांपूर्वीच्या निकालाचा आज काही उपयोग नाही. चुका बहुधा तीनच होतात: काडी नाकाच्या टोकाशीच फिरवली जाते, थेंब कमी-जास्त पडतात आणि पट्टी उशिरा वाचली जाते. तासाभराने उमटलेली पुसट रेघ ग्राह्य धरू नका. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल वाचा. आणि घसा खवखवत असेल तर निकाल काहीही येवो, घरीच थांबा.

खिडकी, खोली आणि गाणं

हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. बोलताना, हसताना, गाताना बाहेर पडणारे सूक्ष्म कण बंद खोलीत धुरासारखे तरंगत राहतात. टेबल पुसण्यात तासभर घालवून खिडक्या मात्र बंद ठेवणं, ही सर्रास दिसणारी चूक आहे. हात साबणाने वीस सेकंद धुवा, पण खरी मेहनत हवेवर घ्या.

समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा खिडकी आणि दार, दर अर्ध्या तासाने दहा मिनिटं पूर्ण उघडा. कडाक्याची थंडी असेल तरी घाबरू नका: आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक जितका मोठा, तितकी हवा झपाट्याने बदलते, म्हणून हिवाळ्यात थोडा वेळही पुरतो. मधल्या वेळात खिडकी दोन बोटं उघडी राहू द्या. एकच खिडकी असेल तर तिच्यात पंखा बाहेरच्या दिशेने तोंड करून ठेवा आणि समोरचं दार उघडं ठेवा. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एक्झॉस्ट फॅन पाहुणे असेपर्यंत बंद करू नका.

हवा पुरेशी बदलते आहे का, हे कार्बन डायऑक्साइड मीटरवर कळतं. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, दाखवतो. खोलीतला आकडा ८०० च्या आत असेल तर ठीक; हजार ओलांडले की इतरांनी सोडलेला श्वास आपण पुन्हा घेतो आहोत असं समजा आणि खिडक्या उघडा. मीटर खिडकीजवळ किंवा कुणाच्या तोंडासमोर ठेवला तर आकडा फसवतो.

जेवताना मास्क निघतो, म्हणून सगळ्यांत जास्त जपायची वेळ तीच. प्रत्येक कुटुंबाला वेगळं टेबल द्या, जेवण थोडक्यात आटपा आणि गप्पांसाठी बाहेर पडा. घरात मास्क घालायचा तर एन-९५ किंवा त्याच तोडीचा घ्या. नाकाची पट्टी दाबून बसवा आणि जोरात श्वास सोडून पाहा. डोळ्यांकडे हवा आली तर मास्क नीट बसलेला नाही.

कॅरलबद्दल, म्हणजे नाताळच्या गाण्यांबद्दल, थोडं कठोर बोलावं लागतं. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्कॅजिट काउंटीत एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. ६१ जण हजर होते, त्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. त्याला धरून ५३ जण खात्रीने किंवा बहुधा बाधित झाले आणि दोघे दगावले. गाताना श्वास खोल आणि जोरकस असतो, म्हणून बंद खोलीत एकत्र गाऊ नका. बाहेर, अंतर ठेवून, दोन-तीन कॅरल म्हणा.

व्हिडिओ कॉलवर गाण्याचा वेगळाच घोटाळा होतो. आवाज प्रत्येकाकडे थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे सगळे एकत्र गायला लागले की नुसता गोंधळ. एकाच घराचा माइक सुरू ठेवा, बाकीच्यांनी आपला बंद करून त्यांच्याबरोबर गावं. एका कॉलवर आठाहून जास्त घरं नकोत. वेळ चाळीस मिनिटं पुरे. पहिली पंधरा मुलांना द्या, कारण नंतर ती पळतात. आजी-आजोबांच्या फोनची तालीम आदल्या दिवशी करून घ्या: फोन डोळ्यांच्या उंचीवर टेकवलेला, उजेड चेहऱ्यासमोर, चार्जर लावलेला.

मन टिकवण्यासाठी

उत्तर गोलार्धात वर्षातला सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. उजेड कमी, त्यात घरात कोंडून राहणं. झोप आणि मन दोन्ही बिघडायला एवढं पुरतं. उठल्यावर तासाभरात अर्धा तास बाहेर चाला, आभाळ भरलेलं असलं तरी. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (लक्स हे उजेडाचं माप) असतो. ढगाळ दिवशीही बाहेर तो कैक पटींनी जास्त मिळतो. जिथे सूर्य फारच उशिरा उगवतो तिथे १०,००० लक्सचा दिवा सकाळी अर्धा तास लावतात, मात्र बायपोलर विकार किंवा डोळ्यांचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं जमवा. उठण्याची वेळ सुट्टीतही बदलू नका. दारूने झोप लवकर लागते, पण मध्यरात्रीनंतर मोडते, आणि दुसऱ्या दिवशी उदासी वाढते.

एकटं राहणाऱ्यांसाठी दिवसातली एक ठरलेली वेळ फार मोलाची असते. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या, चार रविवारी चार मेणबत्त्या लावायच्याच असतात. दोन-तीन घरांनी फोन सुरू ठेवून त्या एकाच वेळी लावाव्यात. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणून मोकळं होऊ नका, कारण सहसा कुणी सांगत नाही. ‘रविवारी साडेसहाला फोन करतो’ असं म्हणा आणि करा.

वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर त्या माणसाचा विषय टाळून सण साजरा होत नाही. प्रार्थनेत नाव कोण घेणार, रिकाम्या जागी मेणबत्ती लावायची का, हे आधीच ठरवा. कुणाला रडू आलं तर येऊ द्या, लगेच समजूत घालू नका. येशूजन्माचा गोठा मांडायची किंवा झाड सजवायची ताकद यंदा नसेल तर राहू द्या.

दोन आठवडे सतत उदास वाटणं, कशातच मन न लागणं, झोप-भूक उडणं असं असेल तर डॉक्टरांना भेटा. जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

२४ च्या रात्री चाचणीत दुसरी रेघ उमटली, म्हणजे लागण निघाली, तर

सर्वांत आधी, गेल्या दोन दिवसांत आणि लक्षणं असतील तर ती सुरू होण्याआधीच्या दोन दिवसांत ज्यांना भेटलात त्यांना लगेच फोन करा. लाज वाटण्यासारखं यात काही नाही. रुग्णाला वेगळी खोली द्या, तिची खिडकी उघडी आणि दार बंद. ताट दाराशी ठेवा. आत जावंच लागलं तर दोघांनीही एन-९५ लावा. भेटवस्तू त्याने खोलीतून, बाकीच्यांनी बाहेरून, एकाच कॉलवर उघडाव्यात.

तापाला पॅरासिटामॉल चालतं. निरोगी प्रौढाला २४ तासांत सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नको. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असतं, म्हणून पाकिटं वाचून बेरीज करा. यकृताचा त्रास असेल तर मर्यादा डॉक्टरांकडून घ्या.

ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) लावण्याआधी पाच मिनिटं स्वस्थ बसा, बोट चोळून गरम करा, नेलपॉलिश काढा आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. सावळ्या त्वचेवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, म्हणून एकाच आकड्यापेक्षा तो उतरत चालला आहे का ते पाहा. ९४ च्या खाली गेला तर डॉक्टरांना कळवा. ९० च्या आसपास आला, धाप लागली, छातीत दाब आला, ओठ निळसर झाले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णवाहिका बोलवा.