नाशिकमध्ये नाश्ता सेंटर सुरू करताय? परवान्यांची आणि स्वच्छतेची कामं या क्रमाने करा

सिंहस्थाची अमृतस्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या निमित्ताने पंचवटीपासून त्र्यंबक रोडपर्यंत मिसळीची दुकानं, वडापावच्या गाड्या, घरगुती डबे सुरू करण्याच्या बेतात बरेच जण आहेत. यातले बहुतेक आधी गाळा घेतात, फर्निचर करतात, पाटी रंगवतात आणि मग लायसन्सच्या मागे लागतात. क्रम उलटा ठेवा, पैसा आणि मनस्ताप दोन्ही वाचतील.

आधी जागा तपासा

डिपॉझिट देण्यापूर्वी मालकाला विचारा: मंजूर नकाशात गाळ्याचा वापर व्यावसायिक आहे का? घरपट्टीची पावती कोणत्या वापराची आहे? नळ मनपाचा की बोअरचा? भांडी धुतलेलं पाणी ड्रेनेजला जातं की मागच्या नाल्यात? धूर बाहेर काढायला वाट आहे का? शेवटच्या प्रश्नावरून सोसायटीशी सर्वात जास्त भांडणं होतात. करार तोंडी नको. भाडेकरार तुमच्या नावावर, पत्ता अचूक आणि वापराचा उल्लेख ‘खाद्यपदार्थांचा व्यवसाय’ असा हवा. पुढच्या प्रत्येक अर्जाला हाच कागद लागतो.

स्थानिक परवानगीसाठी मनपाच्या सहापैकी तुमच्या विभागीय कार्यालयात चौकशी करा: पंचवटी, नाशिक रोड, सातपूर, नवीन नाशिक, नाशिक पूर्व की नाशिक पश्चिम. जागा त्र्यंबकेश्वरात असेल तर नगर परिषद आणि खेड्यात असेल तर ग्रामपंचायत.

गाडी लावणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. अन्न नोंदणी म्हणजे रस्त्यावर उभं राहण्याची परवानगी नव्हे. त्यासाठी 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार मनपाचं विक्री प्रमाणपत्र लागतं. गोदाघाटावर किंवा मेन रोडला गाडी उचलली गेली, तर अन्न नोंदणीचा कागद दाखवून ती सुटणार नाही.

मग अन्न नोंदणी किंवा परवाना

अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन, म्हणजे आपलं एफडीए, करतं. अर्ज मात्र एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, फॉस्कॉस पोर्टलवर ऑनलाइन भरायचा असतो. लहान व्यावसायिकाला नोंदणी, मोठ्याला परवाना. 2011 च्या नियमावलीने ही रेषा वार्षिक 12 लाखांच्या उलाढालीवर आखली आणि नोंदणीचं शुल्क वर्षाला 100 रुपये ठेवलं. मर्यादा आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी पोर्टलवर जो आकडा दिसेल तोच धरा.

नोंदणीसाठी फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर काम भागतं. परवान्याला स्वयंपाकघराचा आराखडा, यंत्रसामग्रीची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल असे कागद वाढतात. व्यवसायाचा प्रकार निवडताना घाई करू नका. दुकानात मिसळ वाढणं आणि पाकीटबंद चिवडा तयार करून विकणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. दोन्ही करणार असाल तर दोन्ही नोंदवा.

हा अर्ज एजंटकडे देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शंभराच्या नोंदणीसाठी हजारो रुपये मोजलेले लोक नाशकात भेटतात. त्याहून वाईट म्हणजे लॉगिन आणि मोबाईल नंबर एजंटचा राहतो. मग खात्याची सूचना त्याच्या फोनवर जाते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

नियमानुसार नोंदणीच्या अर्जावर सात दिवसांत मंजुरी, कारणासह नकार किंवा तपासणीची नोटीस, यातलं एक काहीतरी मिळायला हवं. क्रमांक चौदा अंकी असतो. प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावा. 1 जानेवारी 2022 पासून बिलावरही हा क्रमांक छापणं बंधनकारक आहे.

दुकान, आग आणि गॅस

दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार कमी असतील तर ऑनलाइन सूचना पुरते, जास्त असतील तर नोंदणी. हे काम पटकन होतं.

गॅसच्या बाबतीत मात्र हयगय नको. घरगुती 14.2 किलोची टाकी धंद्यात वापरता येत नाही. 19 किलोची व्यावसायिक घ्या. 100 किलोपर्यंतच्या साठ्याला वेगळा परवाना लागत नाही, म्हणजे अशा पाच टाक्या, त्याही भरलेल्या-रिकाम्या वेगळ्या आणि उभ्या ठेवून. अग्निशमन दलाच्या ना हरकत दाखल्याबद्दल शिंगाडा तलावाच्या मुख्यालयात चौकशी करा. इमारतीत आगीची यंत्रणा बसवलेली असेल, तर ती चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. घरमालकाकडून ते मागून घ्या.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात

अधिकारी आले की कागदांआधी नजर ओट्याखाली जाते. स्वच्छतेचे नियम 2011 च्या त्याच नियमावलीच्या परिशिष्ट 4 मध्ये आहेत, पण ते पाठ करण्यापेक्षा एक मिसळीची प्लेट डोळ्यांसमोर आणा.

मटकी भिजवायचं पाणी पिण्याचंच हवं. मोड आणण्यासाठी लागणारी ऊब जंतूंनाही मानवते, म्हणून मोड आले की मटकी फ्रीजमध्ये जायला हवी आणि वापरताना नीट शिजायला हवी. कट सकाळी उकळून दुपारपर्यंत कोमट ठेवणं धोक्याचं. गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, थंड 5 अंशांच्या खाली. मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. बारीक आचेवर पातेलं चालू ठेवा आणि तीनचारशे रुपयांचा प्रोब थर्मामीटर (पदार्थात टोचून तापमान बघायचा) घ्या. उरलेला रस्सा खोल पातेल्यात तसाच झाकून ठेवला तर मध्यभागी तासन् तास कोमट राहतो. पसरट भांड्यांत ओतून लवकर गार करा. दह्याचं भांडं काउंटरवर उन्हात नको. लागेल तेवढंच बाहेर काढा.

वड्याच्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी खराब द्रव्यं, 25 टक्क्यांच्या वर गेले की ते बाद, हा नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. तेल काळवंडलं, फेसाळलं, धुरकट वासाचं झालं की बदला. वर ताजं तेल ओतून ते सुधारत नाही. भजी-वडे वर्तमानपत्रावर ठेवायचे नाहीत, शाई पोटात जाते.

कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, टायफॉइडची लस, नखं कापलेली, जखमेवर पट्टी. जुलाब होत असलेल्या माणसाला पगारी सुट्टी द्या, नाहीतर तो आजार लपवून पोळपाटावर उभा राहील.

तपासणी आली तर

अधिकाऱ्याचं ओळखपत्र बघा, कागद दाखवा, वाद घालू नका. त्रुटी निघाल्या तर सुधारणा नोटीस येते आणि तिच्यात किमान 14 दिवसांची मुदत असते. फोटोंसह लेखी उत्तर द्या. नमुना घेतला तर त्याची किंमत मिळते आणि त्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे (नमुना तपासणारा तज्ज्ञ), दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (एफडीएचा वरिष्ठ अधिकारी). चौथा भाग मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी तुम्ही करू शकता. ती मागणी नमुना घेतानाच लेखी करा.