ताडोबात बछड्यांचे फोटो काढताय? मग या चुका टाळा

दर उन्हाळ्यात तेच होतं. एप्रिल लागला की ओळखीतले लोक ताडोबाला जाऊन येतात, मग रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर फोटोंचा ढीग आणि खाली प्रश्न, "लेन्स सॉफ्ट आहे का रे? सर्व्हिसला टाकू?" सॉफ्ट म्हणजे फोटो धूसर काढणारी. अरे, लेन्स ठणठणीत आहे, तिला काय धाड भरलीय. फोटो बिघडतो तो जिप्सीत, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीत, केलेल्या घाईने आणि घरी कॉम्प्युटरवर केलेल्या हौसेने. मोठा वाघ असेल तर एकवेळ खपून जातं, तो रस्त्यातून निवांत चालत येतो आणि दहा कॅमेऱ्यांनाही भाव देत नाही. बछड्यांचं तसं नसतं.

सगळ्यात मोठी चूक, "भाऊ, गाडी जरा पुढे घ्या ना."

वाघीण शिकारीला जाते तेव्हा पिल्लांना झुडपात बसवून जाते, आणि ती तिथंच बसून राहतात, कारण आई नसताना हालचाल केली तर जिवावर बेतू शकतं. आपल्याला वाटतं गाडी दहा फूट पुढे घेतली की नीट दिसतील. होतं बरोबर उलटं. मागे एका उन्हाळ्यात मोहर्ली गेटने आत गेलो होतो, गाडीत एक नवीन गडी होता, कोरा करकरीत कॅमेरा, सहाशे एमएमची लेन्स, आणि सकाळपासून बडबड चालूच. पाणवठ्याच्या अलीकडे बांबूत एक कान दिसला, मग दुसरा, मग थोडं तोंड. गाईड हळूच म्हणाला, "थांबा न जी थोडं, माय गेली हाय, येतेत ते बाहेर." याला कुठला धीर. मधे बांबूची काडी येतेय म्हणून ड्रायव्हरच्या खांद्यावर थापट्या मारून गाडी पुढे घ्यायला लावली. गिअर पडल्याचा आवाज झाला आणि कान गायब. मग तासभर आम्ही सगळे बांबू बघत बसलो. गेट गाठायची वेळ झाली म्हणून निघालो. आमच्या मागे एक जिप्सी आधीपासून इंजिन बंद करून उभी होती, त्यांचा गेट जवळचा असल्यामुळे ते थांबले. दुपारी रिसॉर्टवर त्यांच्या कॅमेऱ्यात बघितलं तर तिन्ही पिल्लं पाण्यात, एक दुसऱ्याच्या पाठीवर चढलेलं. गडी जेवला नाही धड.

हे नुसतं फोटो हुकण्यापुरतं नाहीये. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या भागात एफ-२ नावाची वाघीण आणि तिची पाच पिल्लं दोन्हीकडून आलेल्या गाड्यांच्या मधे अडकली, व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांमधले बरेच जण आपल्यासारखेच कॅमेरा घेऊन आलेले हौशी असणार. प्राण्यापासून किमान २० मीटर लांब राहायचं हा नियम आहे, आणि गंमत म्हणजे फोटोसाठीही तेच बरं असतं. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ४०० एमएमची लेन्स, अॅपर्चर एफ ५.६ धरा; एफचा आकडा मोठा, तेवढी शार्प खोली जास्त. २० मीटरवर साधारण ८० सेंटीमीटर खोलीपर्यंत शार्प मिळतं. तेच १० मीटरवर गेलात तर जेमतेम २० सेंटीमीटर, म्हणजे नाक शार्प आणि कान गेले. वर तीन पिल्लं पुढेमागे बसली असतील तर विचारूच नका. दोन-तीन पिल्लं एका फ्रेममध्ये असली की मी सरळ एफ ८ किंवा एफ ११ करतो आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, चढला तर चढू देतो. नॉइज, म्हणजे फोटोत येणारे दाणे, काढता येतो, मागच्या पिल्लाचे डोळे नंतर कुठून आणणार?

सीटवर उभं राहून फोटो काढणं. वरून काढलं की बछडं आणखी बुटकं दिसतं आणि मागे नुसता धुळीचा रस्ता. खाली बसा, जिप्सीच्या बाजूच्या दांडीवर बीन बॅग, म्हणजे लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी, ठेवा. मी पिशवी रिकामीच नेतो आणि चंद्रपुरात किलो-दोन किलो तांदूळ घेऊन भरतो, निघताना ते तांदूळ ड्रायव्हरला देऊन टाकतो. ट्रायपॉड आणू नका, जिप्सीत दुसऱ्याच्या गुडघ्यात जातो.

शटर स्पीड. बसलेल्या पिल्लाला १/५०० सेकंद चालेल, खेळायला लागली की १/१६०० च्या खाली जाऊ नका. इंजिन चालू असेल तर कितीही ठेवा, थरथर येणारच, आधी इंजिन बंद करायला सांगा.

फोकस गवतावर जाणं. ऑक्टोबरमध्ये पार्क उघडतं तेव्हा गवत कमरेइतकं असतं आणि आय डिटेक्शनला, म्हणजे डोळा आपोआप शोधणाऱ्या फोकसला, पिल्लाचा डोळा सापडेलच याचा भरवसा नाही. मी तेव्हा सरळ फोकसचा एकच बिंदू, सिंगल पॉइंट, ठेवतो, सगळ्यात छोटा, आणि तो डोळ्यावर. नवीन लोकांना हे जुनाट वाटतं, वाटू दे.

आता तो "सॉफ्ट लेन्स"वाला प्रश्न. मे महिन्यात सकाळी नऊ वाजले की रस्ता तापतो, त्यावरची हवा हलायला लागते आणि लांबच्या वस्तू पाण्यातून बघितल्यासारख्या दिसतात. हे डोळ्याला नीट जाणवत नाही पण ५०० एमएमला स्पष्ट येतं. बछडं ऐंशी मीटरवर बसलंय, तुम्ही तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढताय, मग काय होणार. शार्पनिंगने हे सुटत नाही, उलट ती लहर अजून ठळक होते. उपाय म्हणजे असले फोटो सकाळच्या सफारीच्या पहिल्या दोन तासांत काढायचे, किंवा मग बर्स्ट मारून, म्हणजे सलग धडाधड फोटो घेऊन, त्यातला एखादा बरा निघतोय का बघायचं, आणि नाही निघाला तर दुर्बिणीने पिल्लं बघायची. हे शेवटचं कोणी करत नाही.

आता एडिटिंग. इथे माझा पारा चढतो.

वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात, आणि एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या बाजूचेही एकमेकांशी जुळत नाहीत. कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे जंगलात लावलेल्या आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या, फोटोंवरून वाघ मोजतात ते याच जोरावर. त्यामुळे फोटो आडवा उलटवला, म्हणजे फ्लिप केला, की तुम्ही नवा वाघ जन्माला घातलात. हे अगदी खरोखर घडलंय. आमच्या ओळखीतला एक जण हौसेने बफरमधल्या, म्हणजे गाभ्याच्या जंगलाभोवतीच्या पट्ट्यातल्या, वाघांच्या पट्ट्यांची नोंद ठेवतो, डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. एका ग्रुपवर दीडेक वर्षाच्या बछडीचा सुंदर फोटो आला, उजवी बाजू, सकाळचा उजेड, मागे पळसाचं झाड. हा बिचारा रात्रभर जुळवत बसला, कुठेच जुळेना. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर चर्चा सुरू, नवीन वाघीण आली, कुठून आली, हिची आई कोण, दोन गाईडनी तर नावसुद्धा ठरवलं. शेवटी याने फोटो काढणाऱ्याला रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ न बदललेली फाइल, मागितली. तो दोन दिवस टाळाटाळ करत होता, मग कबूल झाला की फ्लिप केलाय, कारण म्हणे वाघ डावीकडून उजवीकडे चालत असला की डोळ्याला बरं वाटतं. वर पोटावरून गेलेली एक वाळकी काडीही पुसली होती आणि एआयने तिथे स्वतःच्या मनाने एक पट्टा दुभंगून दिला होता. बछडी जुनीच होती, सगळ्यांच्या माहितीतली.

तेव्हा फ्लिप नाही. अंगावरून गेलेली काडी पुसायची नाही. मागे आकाशात लटकलेली फांदी काढायची तर काढा, ती पिल्लाच्या अंगाला लागून नसेल तरच. मला विचाराल तर काडी राहू दे, जंगलात काड्या असतातच.

डोळे. हा दुसरा छळ. अगदी लहान पिल्लांचे डोळे निळसर असतात, वय वाढतं तसे पिवळसर होत जातात. लोक मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) असं ओढतात की चार महिन्यांचं पिल्लू लाइट लावलेल्या गाडीसारखं बघायला लागतं. मी डोळ्यांवर एक्स्पोजर ०.२ किंवा फार तर ०.३ वाढवतो, बाकी काही नाही, आणि नसलेली चमक वरून रंगवत नाही.

गालावरचा आणि डोळ्यांवरचा पांढरा भाग बांबूच्या सावलीत हिरवट येतो. ऑटो व्हाइट बॅलन्सच्या (कॅमेऱ्याने आपोआप ठरवलेल्या रंगाच्या तोलाच्या) भरवशावर राहू नका, टिंट थोडा मजेंटाकडे, म्हणजे गुलाबीकडे, न्या, फक्त चेहऱ्यावर मास्क लावून, नाहीतर सगळं जंगल गुलाबी. हाच पांढरा भाग उन्हात जळतो, म्हणून काढतानाच ०.३ ते ०.७ कमी एक्स्पोज करायचं, सावलीतलं नंतर वर आणता येतं.

क्लॅरिटी आणि टेक्श्चर, बारकावे ठळक करणारे हे दोन स्लायडर, शून्यावर राहू दे. बछड्याचे केस लोकरीसारखे मऊ असतात, क्लॅरिटी वाढवली की तारेचा ब्रश दिसतो. डीनॉइज शंभरवर टाकला की मिशा प्लास्टिकच्या होतात, मी तीस-चाळीसच्या पुढे जात नाही. ऑरेंजचं सॅच्युरेशन वाढवायला हात शिवशिवत असेल तर आधी चहा पिऊन या. आणि मग नका वाढवू.

क्रॉप करताना मिशा कापू नका. पंजे अर्धे कापू नका.

लोकेशन टाकू नका. पिल्लं लहान असताना तर गेटचं नावसुद्धा नको, दुसऱ्या दिवशी तिथे जिप्सींची रांग लागते आणि वाघीण जागा बदलते.

हे सफारीबाहेरचं, पण राहवत नाही म्हणून लिहितो. जुन्नरकडे ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याची पिल्लं सापडतात आणि लोक त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढतात. हात लावायचा नसतो. वनविभागाला कळवायचं, ते पिल्लू तपासून संध्याकाळी त्याच जागी ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्रीत येऊन घेऊन जाते. तुमच्या मांडीवरून कशी नेणार ती?

राहिलं एकच. फोटो मला तपासायला पाठवायचे असतील तर रॉ पाठवा, किंवा निदान व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून टाका. फोटो म्हणून टाकलात तर तो इतका दाबून येतो की सॉफ्ट लेन्स आहे की व्हॉट्सअॅप, हे मलाही सांगता येत नाही. आणि मंगळवारी ताडोबा बंद असतं, सोमवारी रात्री पुण्याहून निघून "सकाळची सफारी मिळेल का" म्हणून फोन करू नका.