आल्प्समध्ये निवांत फिरायचंय? तिथल्या माणसांची मदत घेताना या चुका टाळा

मे महिन्यात पारा बेचाळिशीपलीकडं गेला की लातूर, परभणी, नांदेडकडच्या घराघरांत थंड हवेच्या ठिकाणांचा विषय निघतो. पूर्वी तो महाबळेश्वरवर थांबायचा, फार तर मनालीपर्यंत जायचा. आता पोरं पुण्या-हैदराबादला कमावती झालीत आणि आई-वडील निवृत्त होऊन मोकळे झालेत. त्यामुळं स्वित्झर्लंडचं नावही सहज निघतं. त्यातही बरेचजण म्हणतात, दहा दिवसांत सहा देशांची धावपळ नको. एका गावात राहू, तळी-धबधबे सावकाश बघू आणि कुठं जायचं ते तिथल्याच लोकांना विचारू. हा विचार मला मनापासून पटतो. ओळखीपाळखीच्या लोकांना अशा सहली आखायला मदत करताना मात्र त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात. लोक विचारतात, पण उशिरा विचारतात. किंवा प्रश्न इतका मोघम असतो की उत्तर देणाऱ्याला काही सांगता येत नाही. आणि चांगलं उत्तर मिळालं तरी ते वापरायला वेळापत्रकात जागाच उरलेली नसते.

तिकिटं काढून झाल्यावर विचारणं

मंगळवारी वेरूळला येऊन फाटकावरून परत फिरणारे पाहुणे आपण बघतोच. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद. कैलास लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळं ऊन आत यायला दुपार कलावी लागते. हे संभाजीनगरच्या कुठल्याही रिक्षावाल्याला ठाऊक असतं. पाहुण्यानं आठ दिवस आधी एक फोन केला असता, तर त्याचा दिवस वाया गेला नसता.

आल्प्सचंही असंच आहे, फक्त तिथं दिवसाऐवजी महिना चुकतो. आपल्या सुट्ट्या दोनच, उन्हाळ्याची आणि दिवाळीची. तिथल्या डोंगराळ भागात हे दोन्ही काळ दोन हंगामांच्या मधले असतात. एप्रिल-मेमध्ये आणि पुन्हा नोव्हेंबरमध्ये बऱ्याच केबल कार देखभालीसाठी बंद ठेवतात. फुर्का, सुस्टेन, ग्रिम्झेल हे उंचावरचे घाट बर्फामुळं बहुतेक वेळा जूनमध्येच खुले होतात. वरच्या पायवाटांवर मे महिन्यातही बर्फ असतो. झरमॅट ते सेंट मॉरिट्झ जाणारी प्रसिद्ध ग्लेशियर एक्सप्रेस ऑक्टोबरच्या मध्यानंतर काही आठवडे धावतच नाही. दिवाळीच्या सुट्टीत खास त्या गाडीसाठी जाणाऱ्यानं हे आधीच बघायला हवं.

म्हणून मे किंवा दिवाळीत जाऊच नये, असं मात्र नाही. गावातल्या माणसाला विचारलं तर तो खालच्या दऱ्या सुचवील. मे महिन्यात वरचं बर्फ वितळत असतं, त्यामुळं लाउटरब्रुननच्या दरीतले धबधबे भरून वाहतात. तिथला श्टाउबाख जवळपास 300 मीटरवरून सरळ कड्यावरून कोसळतो आणि तो बघायला डोंगर चढावा लागत नाही, गावातूनच दिसतो. कुरणंही तेव्हाच फुलतात. ऑक्टोबरात जाणार असाल तर जिनिव्हा सरोवराकाठचे लाव्होचे द्राक्षमळे बघा. उतारावर दगडी बांध घालून लावलेले हे मळे 2007 पासून जागतिक वारसा यादीत आहेत आणि त्या दिवसांत ते पिवळे पडायला लागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागं करतात. त्यानंतर संध्याकाळी पाचच्या सुमाराला अंधारून येतं, म्हणून लांबचा बेत त्याआधीच उरका.

आणखी एक गोष्ट स्थानिकच सांगतील. ईस्टरनंतर चाळीसाव्या दिवशी, गुरुवारी, तिथं सुट्टी असते. बरेच स्विस लोक शुक्रवार जोडून चार दिवस बाहेर पडतात. ही सुट्टी बहुधा मे महिन्यातच येते. त्या चार दिवसांत डोंगराकडच्या गाड्या आणि खोल्या भरलेल्या असतात.

“काय काय बघावं?” असं विचारणं

या प्रश्नाला कुणीही दहा प्रसिद्ध नावं सांगून मोकळा होतो, आणि ती नावं तुम्हाला आधीच माहीत असतात. त्याच्या उपयोगाचे तपशील द्या, म्हणजे तो तुमच्या उपयोगाचं सांगेल. परभणीच्या एका कुटुंबानं तिथल्या मुक्कामाच्या घरमालकिणीला पाठवलेला निरोप असा होता:

“आम्ही चौघं 18 ते 26 मे तुमच्याकडं राहणार आहोत. आई 68 वर्षांची आहे. सपाट रस्त्यावर तासभर चालते, पायऱ्या आणि उतार जमत नाहीत. दोन दिवस आम्ही मोकळे ठेवलेत. या काळात कुठली केबल कार बंद असते? आणि आईला निवांत बसून हिमशिखरं बघता येतील, अशी स्टेशनाजवळची जागा कोणती?”

उत्तर आलं ते नेमकं. लाउटरब्रुननहून केबल कारनं ग्र्युचआल्पला जा, तिथून म्युरेनची छोटी गाडी धरा आणि मधल्या विंटरएगला उतरा. उपाहारगृह स्टेशनाजवळच आहे आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरं दिसतात. ज्यांना चालायचं त्यांनी तिथून म्युरेनपर्यंत जवळपास सपाट वाटेनं जावं, आईंनी पुढच्या गाडीनं यावं. ट्र्युमेलबाखचे डोंगराच्या पोटातले धबधबे सुंदर आहेत, पण लिफ्ट असली तरी आत ओल्या पायऱ्या पुष्कळ आहेत, तेव्हा आईंना नेऊ नका.

इंटरनेटवरच्या यादीत ही शेवटची सूचना सापडत नाही. ती मिळाली, कारण प्रश्नात आईचे गुडघे होते.

फक्त आपल्याच माणसांना विचारणं

झुरिकला कुणाचा तरी भाचा असतोच. त्याला विचारा, जरूर विचारा. पण तो शहरात नोकरी करतो आणि पाहुणे आले की त्यांना त्याच चार ठिकाणी नेतो. डोंगरातल्या बसचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ असायचं कारण नाही. त्याहून चुकीची अपेक्षा म्हणजे त्यानं विमानतळावर घ्यायला यावं आणि आठवडाभर सोबत फिरावं. आपल्याकडं पाहुणा आला की दोन दिवस सगळं घर त्याच्यामागं असतं, म्हणून आपल्याला त्यात वावगं वाटत नाही. त्याला मात्र सोमवारी सकाळी कामावर जायचं असतं. एक संध्याकाळ त्याच्याकडं जेवायला जा, बाकीचं स्वतः करा.

खरी माहिती असते ती मुक्कामाच्या घरमालकाकडं, पर्यटन कार्यालयातल्या माणसाकडं आणि पिवळ्या पोस्टबसच्या चालकाकडं. पर्यटन कार्यालय बहुतेक गावांत स्टेशनात किंवा स्टेशनालगतच असतं आणि तिथं सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. जगातल्या बऱ्याच शहरांत ग्रीटर नावाची स्वयंसेवी पद्धतही आहे. 1992 मध्ये न्यूयॉर्कला तिची सुरुवात झाली. गावातला एखादा रहिवासी दोन-तीन तास आपल्याबरोबर हिंडतो, आपला मोहल्ला दाखवतो आणि त्याचे पैसे घेत नाही. काही आठवडे आधी नाव नोंदवावं लागतं. जिथं जाणार तिथं अशी सोय आहे का, ते अवश्य बघा. आणि नोंदवलं तर वेळेवर हजर राहा. तो माणूस आपला सुट्टीचा दिवस देत असतो.

रोजचा दिवस आधीच विकत घेऊन ठेवणं

निवांत सहलीचं सगळ्यात मोठं नुकसान इथं होतं, असं माझं ठाम मत आहे. 3,454 मीटरवरच्या युंगफ्राऊयोख या डोंगरावरच्या रेल्वे स्टेशनाचं महागडं तिकीट दोन महिने आधी ठरावीक तारखेचं काढलं आणि त्या दिवशी ढग उतरले, तर वर सगळं पांढरं दिसतं. त्या पांढऱ्यात शिखर कुठलं आणि हिमनदी कुठली, काही कळत नाही. स्थानिक लोक असं करत नाहीत. शिखरांवर आणि केबल कारच्या वरच्या टोकांना कॅमेरे बसवलेले असतात. हे लोक सकाळी उठून त्या कॅमेऱ्यांची थेट दृश्यं बघतात, वर उघडलेलं दिसलं तर निघतात, नाहीतर तळ्यावर जातात.

तुम्हीही एका गावात निदान चार-पाच रात्री काढा. त्यातला एक दिवस डोंगराचा, पण तो कुठला हे तिथं गेल्यावर ठरवा. ढगाळ दिवसासाठी दुसरा बेत हाताशी असू द्या. ब्रिएन्झ तळ्यातून बोटीनं गीसबाखला जाता येतं. धक्क्यापासून वर नेणारी तारेवर ओढली जाणारी छोटी गाडी 1879 पासून चालू आहे आणि वर धबधबा आहे. पावसातही ही जागा छान दिसते. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटाला बोटीच्या फेऱ्या कमी असतात, तेव्हा वेळापत्रक घरमालकाकडून पडताळून घ्या.

पोचल्याचा पहिला दिवस तर कोराच ठेवा. हिंगोली-नांदेडहून हैदराबाद किंवा संभाजीनगरहून मुंबई, मग रात्रीचं विमान आणि उन्हाळ्यात साडेतीन तासांचा वेळेचा फरक. ज्येष्ठांना त्या दिवशी गरम वरणभात आणि झोप एवढंच हवं असतं.

पास आधी, चौकशी नंतर

रेल्वे, बस आणि बोटींवर चालणारा स्विस ट्रॅव्हल पास 3, 4, 6, 8 किंवा 15 सलग दिवसांचा मिळतो. पण तुम्ही एकाच गावात बसून राहणार असाल तर त्याचे पैसे वसूल होतीलच असं नाही. बऱ्याच पर्यटनगावांत मुक्कामी पाहुण्याला पाहुणा-कार्ड मिळतं आणि त्यावर आसपासची बस किंवा गाडी फुकट असते. तिचिनो प्रांतात तर हॉटेल, यूथ हॉस्टेल किंवा कॅम्पिंगमधल्या मुक्कामाबरोबर अख्ख्या प्रांताची सार्वजनिक वाहतूक मोफत मिळते. घरमालकाला एवढंच विचारा: “तुमच्या कार्डावर कुठपर्यंत जाता येतं?” हे कळल्यावर पास, अर्ध्या भाड्याचं कार्ड की सुटी तिकिटं, याचा हिशोब मांडा.

ग्लेशियर एक्सप्रेसला सुमारे आठ तास लागतात आणि आसन आरक्षण सक्तीचं आहे. त्याच रुळांवरून साध्या प्रादेशिक गाड्याही जातात. आरक्षण लागत नाही, गाड्या बदलाव्या लागतात, पण आवडलेल्या गावी उतरता येतं. निवांत फिरणाऱ्यानं याच गाड्या धराव्यात. आणि खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची, ते फलाटावरच्या कर्मचाऱ्याला खुशाल विचारा.

त्यांचं “सोपं” आपलंही सोपं समजणं

सत्तरीचा स्विस माणूस “अर्ध्या तासाची सोपी वाट” म्हणतो तेव्हा तो लहानपणापासून डोंगर चढत आलेला असतो. त्याला वेळ न विचारता चढ किती मीटरचा, पायऱ्या किती आणि वाटेत बसायला बाक आहे का, ते विचारा. पाट्यांचे रंगही ओळखून ठेवा. नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, तिथं चांगले बूट आणि सवय लागते. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर मागं फिरा. पाटीवरचा वेळ थांबे न धरता लिहिलेला असतो, आपण त्याच्या दीडपट ते दुप्पट धरावा.

“व्हेज” म्हणून सोडून देणं

घरात कुणी माळकरी असेल तर इथं जास्त काळजी घ्या. तिकडं शाकाहारी म्हटलं की अंडं आणि चीज चालतं, असं धरतात. बटाट्याच्या रोश्टीत डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात आणि भाज्यांचं सूप मांसाच्या रश्श्यावर केलेलं असू शकतं. पारंपरिक ग्रुयेर चीजचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटनं गोठवतात. घरमालकाकडून जर्मन किंवा फ्रेंचमध्ये चिठ्ठीच लिहून घ्या: मांस, मासे, अंडी, मांसाचा रस्सा, प्राणिज रेनेट, यातलं काही नको. ती चिठ्ठी वाढप्याला दाखवली की प्रश्न मिटतो. स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर उत्तमच. फक्त रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून भाजी-दूध शनिवारीच आणा. आणि मिरचीची फोडणी द्यायच्या आधी धुराचा इशारा देणारं यंत्र कुठं आहे, ते विचारा.

अनोळखी माणसाकडं आमंत्रणपत्र मागणं

ऑनलाइन ओळख झालेल्या स्थानिकानं चार गोष्टी आपुलकीनं सांगितल्या, म्हणून त्याच्याकडं व्हिसासाठी पत्र मागू नका. ती कायदेशीर जबाबदारी असते, तो बिचकतो आणि बोलणंच तुटतं. पर्यटक व्हिसासाठी मुक्कामाची आरक्षणं, पैशांचे पुरावे आणि निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. पहिल्यांदा जाणाऱ्याला बोटांच्या ठशांसाठी मोठ्या शहरातल्या केंद्रावर स्वतः जावं लागतं, तेव्हा आई-वडिलांची ती फेरीही नियोजनात धरा. त्याच व्हिसावर युरोपातले दोन-तीन देश करणार असाल तर जिथं सर्वांत जास्त दिवस राहणार, त्या देशाकडं अर्ज करायचा. आणि पासपोर्टची प्रत मुक्कामाच्या अधिकृत नोंदणीखेरीज कुणालाही पाठवू नका.

मदत करणाऱ्यासाठी काही न्यावंसं वाटणारच, आपली रीतच आहे ती. पण मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून तिकडं न्यायला बंदी आहे. त्यात खव्याचे पेढे आले, घरचं तूपही आलं. त्यापेक्षा संभाजीनगरची हिमरू शाल न्या. वजनाला हलकी, डब्यात सांडायची भीती नाही, आणि थंडीच्या देशात वापरलीही जाते.