पोल्ट्रीतून सोडवलेल्या कोंबड्या आणि खुराड्याभोवतीच्या घुशी

पुण्याच्या आसपासच्या पोल्ट्रींत अंड्यांसाठी ठेवलेल्या कोंबड्या बहुतेक पांढऱ्या, लेगहॉर्न वंशाच्या असतात. त्यांतल्या बीव्ही-३०० या वाणाचं नाव तिथे हमखास ऐकू येतं. दीड-दोन वर्षांत अंडी कमी झाली की या कोंबड्या काढून टाकतात, आणि तिथून एखादी-दुसरी धायरीच्या किंवा भूगावच्या कुणाच्या परसात येते. येताना मानेवर पिसं नसतात, तुरा फिका पडून एका बाजूला लोंबत असतो, नखं वाढलेली असतात, चोच लहानपणीच छाटलेली असते. आयुष्य पिंजऱ्यात गेल्यामुळे दांड्यावर झोपायचं असतं हेही तिला ठाऊक नसतं. गावठी कोंबडी संध्याकाळी आपली आपण उंचावर जाऊन बसते, ही आहे तिथेच जमिनीवर बसून राहते. उंदीर-घुशींचं फावतं ते इथेच. म्हणून आधी खुराडं पक्कं करायचं आणि कोंबडी नंतर आणायची.

खुराडं

चार कोंबड्यांसाठी झोपायची जागा १६ चौरस फूट आणि फिरायची बंदिस्त जागा किमान ४० चौरस फूट धरा. अंड्यांसाठी एक फूट बाय एक फुटाची एक पेटी चौघींना पुरते.

षटकोनी भोकांची जी ‘कोंबडी जाळी’ मिळते, ती कोंबड्यांना आत ठेवते, उंदरांना बाहेर ठेवत नाही. उंदराची पिल्लं तिच्या भोकांतून सरळ आत जातात आणि मोठे उंदीर बारीक तार कुरतडतात. अर्धा इंच चौकोनाची वेल्डेड, गॅल्व्हनाइज्ड जाळी घ्या, तार साधारण एक मिलिमीटर जाडीची. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत ती फुटावर मिळते. अर्ध्या इंचातून घूस किंवा मोठा उंदीर येत नाही, पण घरातला बारका उंदीर येऊ शकतो. त्याला सहा मिलिमीटरची फटही पुरते. त्याच्या मागे लागून पाव इंचाची जाळी सगळीकडे लावायची गरज नाही. तो दाणे चोरेल, कोंबडीला चावायच्या भानगडीत सहसा पडत नाही.

घूस मात्र उकरून येते. जाळी भिंतीच्या रेषेत सरळ खाली पुरण्यापेक्षा जमिनीलगत बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा, दीड ते दोन फूट रुंद, आणि वर तीन-चार इंच माती किंवा खडी टाका. घूस नेमकी भिंतीच्या बुडाशी उकरायला लागते, खाली जाळी लागते. दोन फूट मागे सरून तिथून बोगदा काढावा हे तिला सहसा सुचत नाही. खर्च चालत असेल तर तीन इंच सिमेंट काँक्रीटचा कोबा सगळ्यांत उत्तम, त्यावर तीन इंच भाताचं तूस.

खुराडं उंचावर ठेवायचं असेल तर जमिनीपासून दीड फूट तरी वर घ्या. चार-सहा इंचांची पोकळी ठेवलीत की कोरडी, अंधारी, मांजर न शिरणारी जागा तुम्ही स्वतःच घुशीला बांधून दिलीत. मधलं काही नको, एकतर जमिनीला टेकलेलं किंवा पुरतं उचललेलं.

दाराखालची फट अर्ध्या इंचापेक्षा कमी हवी आणि लाकडी चौकटीच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी ठोकलेली हवी. नुसतं लाकूड पावसाळ्यात फुगतं, मऊ होतं आणि मग कुरतडलं जातं. छपरावर येणाऱ्या फांद्या तीन फूट मागे छाटा. काळा उंदीर चढण्यात पटाईत असतो आणि आंब्याच्या फांदीवरून छपरावर सहज उतरतो.

सगळं झालं की कोंबड्या आणायच्या आधी रिकाम्या खुराड्यात मूठभर शेंगदाणे ठेवा आणि भोवती जमिनीवर रांगोळीचा पातळ थर पसरा. सकाळी पावलं दिसली तर ती कुठून आली तेही दिसतं. तीन-चार रात्री थर कोरा राहिला तर काम झालं.

पहिले पंधरा दिवस

घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नवीन किमान तीन आठवडे वेगळ्या ठेवा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली आहे का, हे जिथून आणल्या तिथेच विचारून घ्या. तिथे कळलं नाही तर पशुवैद्यकाला विचारा, अंदाजाने टोचू नका.

पिंजऱ्यात पाणी निपलमधून, म्हणजे चोचीने दाबलं की थेंब सोडणाऱ्या तोटीतून, मिळत असल्यामुळे काहींना भांड्यातलं पाणी कळतच नाही. पहिल्या दिवशी प्रत्येकीची चोच हलकेच पाण्यात बुडवा. नाकपुड्या बुडू देऊ नका. खाद्य पहिले काही दिवस तिच्या ओळखीचंच द्या, म्हणजे लेअर मॅश (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं भरड दळलेलं खाद्य). भांडं खोल घ्या आणि मॅशचा थर दोन इंच ठेवा, कारण छाटलेल्या चोचीला सपाट फरशीवर विखुरलेला दाणा उचलता येत नाही. ती टोचत राहते, दाणा उडतो आणि रात्री तोच उंदराला मिळतो. अंगणात दाणे फेकण्याची हौस या कोंबड्यांच्या बाबतीत महागात पडते.

एका कोंबडीला दिवसाला १०० ते ११५ ग्रॅम लागतं, म्हणजे चौघींना साधारण ४५० ग्रॅम. इथे थोडी ओढाताण होते. अशक्त कोंबडीसमोर सुरुवातीला सतत खाणं हवं आणि उंदीर नको असतील तर खाणं उघडं राहायला नको. तोडगा असा: दिवसभर पोटभर, मावळतीला भांडं उचलून घरात. शेवटचा तासभर कोंबडी मनापासून खाते. खुराड्यात डालताना छातीच्या वर, मानेच्या बुडाशी उजवीकडे बोट लावून बघा, तिथली खाद्याची पिशवी भरलेली लागली तर ती रात्रभर उपाशी नाही. खाद्यासोबत शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा. वर्षभर अंडी घालून या कोंबड्यांची हाडं ठिसूळ झालेली असतात.

त्याच कारणाने दांडा फूटभर उंचीपेक्षा वर नको, आणि तो दीड-दोन इंच रुंद, कडा घासून गोल केलेला असावा. उंचावरून उडी मारली की पाय मोडतो. रोज अंधार पडल्यावर प्रत्येकीला उचलून दांड्यावर बसवा. बऱ्याच आठवडा-दोन आठवड्यांत शिकतात, काही कधीच शिकत नाहीत. तोवर ती जमिनीवर झोपते, अंधारात तिला दिसत नाही, आणि घूस बोटं कुरतडत असली तरी ती फारशी हलत नाही. सकाळी पंजे उचलून बोटांच्या मधे बघायची सवय लावा. तिथे रक्त दिसलं तर दोष जाळीचा आहे. आधी जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवा, आणि त्याच दिवशी भोक शोधा.

पायडलचं खाद्यभांडं, म्हणजे कोंबडी पाटीवर उभी राहिली की झाकण उघडतं ते, चांगलंच. पण बाजारातली बरीच भांडी वजनदार कोंबडीच्या हिशोबाने बनवलेली असतात. हिचं वजन सव्वा-दीड किलो, आणि पिंजऱ्यातून आल्यावर त्याहूनही कमी. पाटी ८०० ग्रॅमला उघडेल अशी स्प्रिंग लावा. साध्या घुशीला ते झेपत नाही. झाकण पहिले आठ-दहा दिवस उघडंच बांधून ठेवा, नाहीतर त्याच्या आवाजाने कोंबड्या पुन्हा जवळ येत नाहीत.

कोण येतंय ते आधी ओळखा

बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला तर घूस. भिंतीच्या वरच्या कडेने काळपट तेलकट पट्टा असेल तर काळा उंदीर. लांब नाकाची, चिकचिक आवाज करत उग्र वास सोडणारी चिचुंदरी असेल तर तिला जाऊ द्या, ती मुख्यतः किडे आणि झुरळं खाते.

संध्याकाळी सगळ्या बिळांची तोंडं मातीने किंवा वर्तमानपत्राच्या बोळ्याने बंद करा. सकाळी जी उघडलेली असतील तीच चालू बिळं. या एका युक्तीने निम्मं काम वाचतं, कारण दगडी कुंपणाच्या भिंतीत बारा भोकं दिसली तरी राहती दोन-तीनच निघतात.

मग रसद तोडा. मॅशचं ५० किलोचं पोतं पडवीत ठेवू नका, झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत रिकामं करा. प्लॅस्टिकची पिंपं उंदीर कुरतडतात. अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. उरलेला भात आणि पोळ्यांचे तुकडे घालायचेच असतील तर दुपारी चारच्या आत, वीस मिनिटांत संपतील एवढेच. ओल्या कचऱ्याचा खड्डा खुराड्यापासून लांब हलवा.

याच्या जोडीला सापळे. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून चाप किंवा पिंजरा तीन-चार रात्री न लावता नुसतं सुकट किंवा शेंगदाण्याचं कूट ठेवून भरवा, मग एका रात्री सगळे एकदम लावा. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे ठेवा. कोंबडी आत शिरणार नाही अशा अडीच इंच भोकाच्या खोक्यात, कोंबड्या डालल्यावर लावा आणि सकाळी दार उघडायच्या आत उचला. घुशीला मोठा पिंजराच लागतो. पकडलेली घूस शेजारच्या ओढ्याकाठी सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. बादलीत बुडवून मारणंही क्रूर आहे. दणकट चाप एका फटक्यात काम करतो.

विष शक्यतो नकोच. झिंक फॉस्फाइडची गोळी कोंबडीने टिपली तर त्यावर उतारा नाही. ब्रोमाडायोलोनच्या वड्या खाऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, तोवर तो सुस्तपणे उघड्यावर फिरतो, आणि त्याला खाणारी मांजर किंवा गव्हाणी घुबडही विषाच्या कचाट्यात सापडतं. चुकून कोंबडीच्या किंवा मांजराच्या पोटात अशी वडी गेलीच तर वेष्टन घेऊन ताबडतोब पशुवैद्यकाकडे जा, त्यावर व्हिटॅमिन के-१ चा उतारा आहे.

ही सगळी कामं मे संपायच्या आत उरका. जूनमधल्या पहिल्या जोरदार पावसात बिळांत पाणी शिरतं आणि घुशी कोरडी जागा शोधत वर येतात. लेप्टोस्पायरोसिसचा धोकाही तेव्हाच जास्त असतो, कारण उंदरांच्या मुतातले जंतू पायाच्या भेगेतून शरीरात जातात. पावसाळ्यात खुराडं साफ करताना गमबूट आणि रबरी हातमोजे घाला, लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचिंग पावडरचं पाणी शिंपडा.

आणि उंदीर आले की मागून धामण येते, कधी नागही. पेटीत हात घालायच्या आधी आत बॅटरी मारा. साप दिसला तर काठी उचलू नका, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि माणूस येईपर्यंत लांबून त्याच्यावर नजर ठेवा.